नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या भाडे-एजंट ऑफिसचा दीड वर्षाचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

रिव्ह्यू मोठा होणार आहे, आधीच सांगून ठेवते. ज्यांना फक्त "चांगले आहेत की नाही" एवढंच बघायचंय त्यांच्यासाठी: चांगले आहेत, भाडेकरू नीट बघून देतात, कागद पक्के करतात, पण सामानाची यादी करायचं विसरतात आणि ॲग्रीमेंट रिन्यू करताना किती पैसे लागणार ते आधी सांगत नाहीत. ज्यांना पहिल्यांदाच घर भाड्याने द्यायचंय किंवा भाड्यासाठी म्हणून एखादा छोटा फ्लॅट घ्यायचा विचार आहे त्यांनी पूर्ण वाचा, कारण मी सुरुवात केली तेव्हा मला हे सगळं सांगणारं कोणी नव्हतं.

मी शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर सातपूरला कंपनीत. माहेर सिडकोचं, म्हणजे नवीन नाशिक, पण आम्ही सगळे अजून सिडकोच म्हणतो. आमच्या वडिलांनी घराच्या वर दोन खोल्या काढल्या होत्या आणि त्या वर्षानुवर्षं भाड्याने दिलेल्या. कागद म्हणजे काय, तर स्टँप पेपरवर टाईप करून आणायचं, नोटरीचा शिक्का मारायचा, अकरा महिने लिहायचं आणि कपाटात ठेवून द्यायचं. शेवटचा भाडेकरू पाच महिने भाडं न देता राहिला आणि वर म्हणाला की आमचं बोलणं कमी भाड्याचं झालं होतं. वडील वकिलाकडे गेले तेव्हा वकील म्हणाले, दादा, हा कागद नोंदवलेलाच नाही, आता भाडं किती ठरलं होतं ह्यावर त्याचं म्हणणं आधी धरलं जाणार, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. वडिलांना ते फार लागलं होतं. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण आपण सरळ वागलो आणि आपलंच म्हणणं खोटं ठरतंय ह्याचा त्रास जास्त. शेवटी गल्लीतल्या चार माणसांनी मध्ये पडून तो भाडेकरू गेला, लाईट बिल तसंच ठेवून.

म्हणून २०२४ च्या सुरुवातीला माझी एफडी सुटली आणि आईनेही थोडे पैसे दिले, तेव्हा भाड्यासाठी एक वन बीएचके घ्यायचा असं ठरवलं खरं, पण मनात धाकधूक होतीच. एका मैत्रिणीने ह्या ऑफिसचं नाव सांगितलं. छोटंसं ऑफिस आहे, दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर. काका साईट दाखवतात, त्यांच्या सूनबाई कॉम्प्युटरवर ॲग्रीमेंटचं काम बघतात. त्यांना मी वहिनी म्हणते, म्हणून इथेही तेच लिहिते.

पहिल्या दिवशी काकांनी मला फ्लॅट दाखवलाच नाही. विचारलं, ताई, राहायला घ्यायचाय का भाड्याला? मी म्हटलं भाड्याला. मग म्हणाले तुमच्या आवडीचं बाजूला ठेवा, भाडेकरू कोण येणार ते आधी ठरवा. गंगापूर रोड-कॉलेज रोडला कॉलेजची मुलं, नोकरीवाले, तिथे भाडं चांगलं पण फ्लॅटची किंमत भाड्याच्या मानाने फारच जास्त. म्हसरूळ-आडगावकडे कॉलेजं आणि आरोग्य विद्यापीठामुळे विद्यार्थी, पण सुट्ट्यांत खोली रिकामी. पाथर्डी फाटा, अंबड लिंक रोड, इंदिरानगर ह्या पट्ट्यात अंबड-सातपूर एमआयडीसीची माणसं, धुळे-जळगावकडून नोकरीला आलेली नवीन जोडपी, ह्यांना वन बीएचकेच लागतो आणि वर्षाचे बारा महिने लागतो. हे ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस फक्त विकायला बसलेला नाही.

तीन फ्लॅट दाखवले. एक नवीन बिल्डिंगमध्ये, लिफ्ट, बाल्कनी, मस्त ऊन. मी त्याच्यावरच अडकले होते. काका म्हणाले इथे भाडं साडेनऊ येईल आणि पलीकडच्या दहा वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये नऊ येईल, आणि किमतीत फरक सात लाखांचा, तुम्हीच बघा. दुसरा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. तिथे त्यांनी मला छताचा कोपरा दाखवला, पांढरा रंग ताजा होता पण खाली पोपडे आलेले, पावसाळ्यात गळतं हे स्पष्ट. मालक समोर उभा असताना त्यांनी हे मला हळूच दाखवलं, स्वतःचं कमिशन जाईल हे माहीत असताना. तिसरा घेतला. दुसरा मजला, रीसेल, २२ लाखांत ठरला.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी त्यांच्यामुळे कळल्या. एक, खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर केलं. महाराष्ट्रात राहत्या घराची खरेदी बाईच्या नावावर केली तर स्टँप ड्युटीत १ टक्का सवलत आहे, २२ लाखांवर ते २२ हजार होतात, म्हणजे जवळजवळ अडीच महिन्यांचं भाडं. रजिस्ट्रेशन फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. दुसरं, बिल्डिंग सोसायटी आहे का अपार्टमेंट ते बघायला लावलं. नाशिकमध्ये बऱ्याच बिल्डिंगी सहकारी सोसायटी नसून अपार्टमेंट ॲक्टखाली डीड ऑफ डिक्लेरेशन (बिल्डिंग त्या कायद्याखाली आणल्याचं घोषणापत्र) केलेल्या असतात, बाहेरून काही फरक दिसत नाही पण कागद वेगळे, नियम वेगळे. माझी सोसायटी निघाली. कंप्लिशन सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती, आधीच्या मालकाचं लाईट बिल शून्य बाकी, हे सगळं बघूनच टोकन द्या म्हणाले. लाईट बिलाचं मी हलक्यात घेत होते, पण जुनी बाकी राहिली तर ती शेवटी त्याच जागेच्या मीटरवर येऊन बसते, नवीन मालकालाच निस्तरावी लागते.

सगळा खर्च, रंगकाम, किचनची ट्रॉली धरून २४ लाखांत बसलं. त्यातले १० लाख कर्ज, १५ वर्षं, ९ टक्के, हप्ता १०,१४३ रुपये. मी घरी कागदावर मांडलं तेव्हाच दिसलं की भाड्यातून हप्ता निघत नाही, दर महिन्याला वरून टाकावे लागणार. हे काकांनीही सांगितलं होतं, लपवलं नाही. एक मात्र सांगते, त्यांच्याच ऑफिसमध्ये बसलेला दुसरा एक एजंट मला म्हणत होता की २०२७ ला सिंहस्थ आहे, रस्ते-पूल होणार, भाव कुठल्या कुठे जातील, दोन घ्या. काका तेव्हा गप्प बसले, नंतर चहा पिताना म्हणाले कुंभ १२ वर्षांनी एकदा येतो ताई, भाडेकरू दर महिन्याला भाडं देतो, तुम्ही भाडेकरूचा हिशोब धरा. मला ते पटलं. कुंभाला भाव वाढले तर वाढले, पण त्याच्या भरवशावर हप्ता भरता येत नाही.

आता भाडेकरूचं. एप्रिल-मे फ्लॅट रिकामा राहिला, ह्याबद्दल मी काकांना तेव्हा जरा बोललेही होते. दोन महिन्यांत सहा जणांना दाखवला. त्यातली चार मुलं होती, एकाच कंपनीत ट्रेनी, प्रत्येकी ३ हजार म्हणजे १२ हजार द्यायला तयार. मी लगेच हो म्हणणार होते, तीन हजार जास्त कोण सोडतं. काका म्हणाले मुलं चांगली आहेत, मी दुसरीकडे मुलांना घर देतोच, पण वन बीएचके, एक टॉयलेट, सोसायटीचं पाणी सकाळी ठराविक वेळ, चार शिफ्टची चार मुलं, आणि तुमचं पहिलंच घर, दर आठवड्याला तुम्हाला फोन येईल. त्या मुलांना त्यांनी जवळच टू बीएचके बघून दिला आणि ॲग्रीमेंटमध्ये चौघांचीही नावं घातली, एकाच्या नावावर घेऊन बाकीचे राहतात तसं नाही केलं. मला हे महत्त्वाचं वाटलं, कारण मुलगा एकटा आहे म्हणून घर नाकारायचं हे मला पटत नाही, मी स्वतः बी.एड. करताना खोलीसाठी वणवण केलीये.

माझ्याकडे आले ते धुळ्याकडचे एक जोडपं आणि लहान बाळ, तो अंबडला प्रेस शॉपमध्ये. सोसायटीतल्या एका पदाधिकाऱ्यांनी फोनवर विचारलं, "कोणाचे आहेत?" सगळ्यांना माहीत आहे हा प्रश्न म्हणजे काय. काका फोन स्पीकरवर ठेवून म्हणाले, "कंपनीचे आहेत, आयकार्ड आणि पगाराची स्लिप पाठवतो." बास, पुढे एक शब्द नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो त्या एका वाक्यामुळे आहे.

ॲग्रीमेंटचा भाग मी सविस्तर लिहिते, कारण पैसे ह्याच कामाचे द्यावेत असं माझं मत झालंय. भाडेकरू तर आजकाल ॲपवरूनही मिळतो.

वहिनींनी आधी मला बसवून समजावलं. लोक अकरा महिन्यांचं का करतात, तर देशाच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतला भाडेकरार नोंदवायची सक्ती नाही म्हणून. पण महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, त्याचं कलम ५५. त्यात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठराविक मुदतीसाठी राहायची परवानगी देणारा आपला नेहमीचा भाड्याचा करार, लेखी आणि नोंदवलेलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असो की कितीचाही, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नाही केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वडिलांच्या बाबतीत वकील जे म्हणाले होते तेही ह्याच कलमात आहे. मी ते ऐकताना गप्पच झाले. आमच्या वडिलांनी वीस वर्षं नोटरीवर पैसे घातले आणि कोणीही, अगदी तो स्टँप पेपर विकणाराही, त्यांना हे एक वाक्य बोलला नाही.

नोंदवलेला करार असला की कलम २४ चा आधार मिळतो, म्हणजे मुदत संपल्यावर घर रिकामं केलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (ह्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि राहील तेवढ्या दिवसांचे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने पैसे मागता येतात. वहिनी म्हणाल्या हे कलम वापरायची वेळ सहसा येत नाही, पण करार वाचताना दोघांनाही ते दिसतं ना, तेवढंच पुरतं.

खर्च किती? लोकांना वाटतं नोंदणी म्हणजे हजारो रुपये. स्टँप ड्युटी ०.२५ टक्के, पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून जे येईल ते त्यात मिळवायचं. माझं भाडं ९ हजार, ११ महिने म्हणजे ९९ हजार, डिपॉझिट २५ हजार त्याचं अकरा महिन्यांचं व्याज साधारण २,२९२, एकूण १,०१,२९२ वर पाव टक्का, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये!! रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत १ हजार, ग्रामीणला ५००. बाकी हँडलिंग चार्ज आणि ह्यांची फी. मला सगळं मिळून ३ हजार सांगितले, ते आम्ही आणि भाडेकरूने अर्धे अर्धे केले.

रजिस्ट्रार ऑफिसला जावं लागलं नाही. नोंदणी विभागाची ई-रजिस्ट्रेशनची सोय आहे, त्यात ऑनलाईन माहिती भरायची, चलन भरायचं, मग आधारवरून अंगठा आणि वेबकॅमवर फोटो. वहिनी लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन फ्लॅटवरच आल्या. माझा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. भाडेकरूचा लागेना. प्रेस शॉपमध्ये दहा वर्षं पत्रा हाताळून बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. पाच-सहा वेळा केलं, दुसरी बोटं लावली, तो बिचारा शर्टाला बोटं पुसतोय आणि "माफ करा ताई" म्हणतोय, जसं काही त्याचीच चूक. त्याची बायको आतून खोबरेल तेल घेऊन आली. वहिनी शांत होत्या, म्हणाल्या एमआयडीसीवाल्यांचं असंच होतं, आज राहू द्या, तुमच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी करू, कामावर न जाता, हात कोमट पाण्यात धुवून. शनिवारी त्याच्या कंपनीला सुट्टी असते, त्या दिवशी सकाळी साडेआठला त्या परत आल्या आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाने काम झालं. दुसऱ्या फेरीचे पैसे घेतले नाहीत. काही दिवसांनी नोंदवलेल्या कराराची पीडीएफ आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) व्हॉट्सॲपवर आलं, एक कॉपी मी प्रिंट काढून वडिलांना दाखवली.

करारातल्या अटी त्यांनी वाचून दाखवल्या, मराठीत समजावून. नोटीस एक महिन्याची दोन्ही बाजूंनी. भाडं दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत, आणि खात्यावरच, कॅश नाही. लाईट बिल भाडेकरूचं, मेंटेनन्स आणि घरपट्टी माझी. ही एक गोष्ट नव्या मालकांनी आधीच बोलून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात कुरबूर होते. लाईट बिलासाठी महावितरणच्या ग्राहक नंबरला माझा मोबाईल जोडून ठेवायला सांगितला, म्हणजे भाडेकरूने भरलं की नाही ते मलाही कळतं, दरवेळी त्याला विचारायला नको.

पोलीस व्हेरिफिकेशन म्हणजे भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं, ते महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर भरता येतं. वहिनींनी माझ्यासमोर भरलं. आमच्याकडे अंबड की इंदिरानगर, कुठल्या पोलीस स्टेशनची हद्द, ते एकदा खात्री करून टाका, फाट्याच्या आसपास गोंधळ होतो. पावती जपून ठेवा. ह्याला टाळाटाळ करणारे मालक मी ओळखते, "आपला भाडेकरू चांगला आहे" म्हणतात, पण चांगला असला तरी माहिती द्यायचीच असते, पोलीस आयुक्तांचा आदेश मोडला तर गुन्हा मालकावर होतो.

सोसायटीने पहिल्या महिन्याच्या बिलात नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतलेली रक्कम, ५०० रुपये लावला होता. मी भरणारच होते. काकांनी सहकारी सोसायट्यांसाठीचा १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश छापून दिला, त्यात सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असं आहे. मी ते सेक्रेटरींना दिलं, भांडले नाही, फक्त दिलं, पुढच्या महिन्यापासून दुरुस्त झालं. पहिल्या महिन्याचे जास्तीचे पैसेही वळते केले, तेवढा मोठेपणा त्यांनी दाखवला.

आता ज्यासाठी एक स्टार कापला ते.

सामानाची यादी केली नाही. फ्लॅटमध्ये तीन पंखे, गीझर, चार ट्यूब, किचन ट्रॉली, बाथरूमची सगळी फिटिंग नवीन होती. करारात सामान लिहायला जागा असते, तिथे "नाही" असं टाकून मोकळे झाले. घाईत माझ्याही लक्षात आलं नाही. चार महिन्यांनी गीझर बंद पडला, तो म्हणतो आला तेव्हापासूनच गरम व्हायला वेळ लागायचा, मी म्हणते नवीन होता. खरं-खोटं कोणालाच सांगता येत नाही, आणि तो माणूस खोटं बोलणारा नाही हेही मला माहीत आहे. शेवटी मीच नवीन घातला. काकांना बोलले तेव्हा म्हणाले ताई, हे तुम्ही बघायचं असतं. नाही, हे मला मान्य नाही. पहिल्यांदा घर देणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं म्हणूनच तो तुमच्याकडे येतो. ज्यांना लवकरच चावी द्यायचीये त्यांनी प्रत्येक खोलीचा, नळाचा, मीटरच्या रीडिंगचा व्हिडिओ काढा, भाडेकरूला समोर उभं करून, आणि दोघांच्याही फोनवर ठेवा.

दुसरं, रिन्यूचे पैसे. एप्रिल २०२५ अखेर मुदत संपताना त्यांनी परत ब्रोकरेज मागितलं, अर्ध्या महिन्याचं भाडं, तोच भाडेकरू असताना! पहिल्या वेळी अर्ध्या महिन्याचं दिलं होतं, ४,५००, त्याला माझी काहीच हरकत नव्हती, त्यांनी काम केलं होतं. पण आता भाडेकरू शोधायचाच नव्हता. मी स्पष्ट विचारलं, तर काका थोडे ओशाळले, म्हणाले सगळीकडे घेतात. मग फक्त ॲग्रीमेंटची फी घेतली. पण हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, आणि जे विचारत नाहीत ते देत असतील ह्याचं मला वाईट वाटतं. तुम्ही गेलात तर हा प्रश्न आधी विचारा.

रिन्यूमध्ये वहिनींची एक सूचना मात्र कामाची होती. म्हणाल्या आता माणूस माहितीचा झालाय, अकरा महिन्यांचं कशाला, २४ महिन्यांचं करा, हजार रुपये रजिस्ट्रेशन फी आणि आमचीही फी एकदाच. पहिले १२ महिने ९,५००, पुढचे १२ महिने १० हजार, दोन्ही आकडे करारातच. स्टँप ड्युटी सहाशेच्या आसपास आली. भाडेवाढीवरून दरवर्षी होणारं अवघड बोलणं वाचलं, त्यालाही आधीच माहीत आहे कधी किती द्यायचंय.

बाकी छोट्या गोष्टी: काका फोन उचलत नाहीत, मेसेज करा. सोमवारी ऑफिसला खूप गर्दी. प्लंबर त्यांनी दिला तो महाग पण काम चांगलं.

पैशांचं खरं सांगते कारण कोणी सांगत नाही. २०२४-२५ मध्ये जूनपासून १० महिन्यांचं भाडं आलं, ९० हजार. त्यातून मेंटेनन्स नॉन-ऑक्युपन्सी धरून १२ हजार, घरपट्टी-पाणीपट्टी ४,२००, एजंट ४,५००, करार १,५००, गीझर आणि प्लंबर ७,३००. हातात ६०,५००. २४ लाखांवर हे अडीच टक्के झाले, कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही. बँकेत एफडी केली असती तर ह्यापेक्षा जास्त मिळालं असतं, आईने हे मला दोनदा ऐकवलंय आणि ती चूक नाही. भाडं सावकाश वाढेल, कर्ज उतरेल, घर राहील, ह्या हिशोबाने मी घेतलंय आणि मला पश्चात्ताप नाही, पण "भाड्यावर घर फुकटात होतं" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दोन महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेवल्याशिवाय तर ह्यात पडूच नका, घर रिकामं राहिलं तरी बँक थांबत नाही.

इन्कम टॅक्सचं काकांना विशेष माहीत नाही, त्यांनी तसं सांगितलंही, सीए कडे पाठवलं. मालकाने भरलेली घरपट्टी भाड्यातून वजा होते, उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग प्लंबर-मेंटेनन्स वेगळं दाखवता येत नाही, ते त्या ३० टक्क्यांतच आलं. त्यानंतर कर्जाचं व्याज. माझ्यासारखं पहिल्या वर्षी व्याज जास्त असेल तर घराच्या खात्यात तोटा दिसतो, तो जुन्या रिजीममध्ये (टॅक्स मोजायच्या दोन पद्धतींपैकी जुनी) वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो, नव्या रिजीममध्ये नाही. रिजीम निवडताना हे बघा, मी मैत्रिणीच्या सांगण्यावरून नवी घेणार होते.

मागच्या महिन्यात वडिलांनी सिडकोच्या वरच्या खोल्या परत भाड्याने द्यायचं काढलं. स्टँप पेपर आणायला निघाले होते, मी त्यांना गाडीवर बसवून ह्याच ऑफिसला घेऊन गेले. वहिनींनी त्यांनाही तेच कलम ५५ वाचून दाखवलं, त्यांनी चष्मा लावून स्वतः परत वाचलं आणि विचारलं, "हे तेव्हाही होतं का?" त्या म्हणाल्या, हो काका, २००० सालापासून आहे. वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

ऑफिस दुपारी दीड ते साडेचार बंद असतं. जाताना मालकाचं आधार-पॅन, इंडेक्स टू किंवा घरपट्टीची पावती, लाईट बिल आणि दोन फोटो न्या. आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे ना ते घरीच बघून निघा.